चिकणमाती ५८ टक्के, तरी फुगत नाही. ३४ टक्के, आणि फुगते. असं का?

ओलकोरड

दोन जागांवरच्या मातीचे अहवाल आठवडाभर टेबलावर पडून आहेत आणि त्यांचा मेळ काही लागत नाही. मी स्थापत्य शाखेचा, पण हात बसलाय तो काँक्रीटवर. मातीचा अभ्यास पदवीपुरताच. म्हणून या मंचावरच्या जाणत्यांना विचारतो.

नमुना 'अ': लालसर माती. दोन मायक्रॉनपेक्षा बारीक कण ५८ टक्के. लिक्विड लिमिट (माती वाहू लागते तो ओलाव्याचा टक्का) ६२, प्लॅस्टिक लिमिट (माती वळताना तुटू लागते तो टक्का) ३६.

नमुना 'ब': काळपट करडी. बारीक कण ३४ टक्के. लिक्विड लिमिट ७२, प्लॅस्टिक लिमिट २६.

चिकणमाती जितकी जास्त तितकी फुगवण जास्त, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं होतं. पण 'अ'च्या चाचणी खड्ड्याच्या भिंती उन्हाळाभर उभ्या राहिल्या, केसाएवढ्या भेगा सोडल्या तर काही झालं नाही. 'ब'च्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. पाऊस पडल्यावर त्या भेगा मिटल्या आणि शेजारचा पातळ कोबा मधोमध उचलला गेला. प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल झाली असेल का?

कातळ

अदलाबदल झालेली नाही. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे.

लिक्विड लिमिटमधून प्लॅस्टिक लिमिट वजा करा. 'अ'चा प्लॅस्टिसिटी इंडेक्स २६, 'ब'चा ४६. आता त्याला बारीक कणांच्या टक्क्यांनी भागा. 'अ' साठी २६ भागिले ५८, म्हणजे साधारण ०.४५. 'ब' साठी ४६ भागिले ३४, म्हणजे १.३५. या गुणोत्तराला ॲक्टिव्हिटी म्हणतात. ब्रिटिश अभियंता स्केम्प्टननं १९५३ साली ते मांडलं. ०.७५ च्या खाली माती निष्क्रिय, ०.७५ ते १.२५ सर्वसाधारण, १.२५ च्या वर सक्रिय. चिकण खनिजांपैकी शुद्ध केओलिनाइटची ॲक्टिव्हिटी ०.४ च्या आसपास असते, इलाइटची ०.९ च्या आसपास. कॅल्शियम मॉन्टमोरिलोनाइट १.५ च्या घरात जातं आणि सोडियम मॉन्टमोरिलोनाइट ७ पर्यंत.

म्हणजे 'अ'मध्ये चिकण कण भरपूर आहेत, पण प्रत्येक कण पाण्याच्या बाबतीत आळशी आहे. 'ब'मध्ये कण कमी, पण जे आहेत ते हावरे.

आणखी एक खूण. कॅसाग्रांदेच्या आलेखावर (लिक्विड लिमिट आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स मांडणारा) 'अ' त्यातल्या तिरक्या ए-रेषेच्या खाली पडतो आणि 'ब' वर. केओलिनाइटी माती बहुधा खालीच सापडते.

गाळवेडी

कातळ यांनी गणित सांगितलं, मी आतलं चित्र सांगते. माझा सगळा जीव याच विषयात आहे, त्यामुळे लांबेल.

चिकण खनिजं म्हणजे पापुद्र्यांच्या चवडी. पापुद्रा दोन तऱ्हेच्या पत्र्यांचा बनतो: एक सिलिकाचा, एक ॲल्युमिनाचा. केओलिनाइटमध्ये एक सिलिका पत्रा आणि एक ॲल्युमिना पत्रा अशी जोडी असते. एका जोडीची उंची सुमारे ७.२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). एका जोडीचा वरचा भाग दुसरीच्या खालच्या भागाला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतो. ही पकड इतकी चांगली की पाण्याला दोन जोड्यांच्या मध्ये शिरायला वावच नाही. ते फक्त चवडीच्या बाहेरून लागतं.

इलाइट आणि मॉन्टमोरिलोनाइट या दोघांत दोन सिलिका पत्र्यांच्या मध्ये ॲल्युमिनाचा पत्रा असतो. रचना सारखीच, स्वभाव मात्र वेगळा. इलाइटमध्ये दोन पापुद्र्यांच्या मध्ये पोटॅशियमचे आयन बसतात. सिलिका पत्र्यावर षटकोनी खळगे असतात आणि पोटॅशियमचा आकार त्या खळग्यात नेमका बसतो. शिवाय पोटॅशियमला पाण्याची ओढ कमी. त्यामुळे चवड १० अँगस्ट्रॉमवर कुलूपबंद राहते.

मॉन्टमोरिलोनाइटमध्ये हे कुलूप नाही. त्याच्या मधल्या पत्र्यात काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. तीन धन भारांच्या जागी दोन आले की पापुद्र्यावर थोडा ऋण भार उरतो. तो भागवायला सोडियम, कॅल्शियम असे आयन पापुद्र्यांच्या मध्ये येऊन राहतात. हे आयन पाण्यासाठी आसुसलेले असतात. ओल मिळाली की ते पाण्याचे रेणू भोवती गोळा करतात आणि पापुद्रे एकमेकांपासून ढकलले जातात. तुमचा कोबा उचलण्याचं काम सुरू झालं ते इथे, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या अंतरावर.

पृष्ठभागाचा फरक तर पाहण्यासारखा आहे. केओलिनाइटच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग १० ते २० चौरस मीटर. मॉन्टमोरिलोनाइटचे आतले पृष्ठभाग धरले तर एका ग्रॅमला ८०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा बॅडमिंटन कोर्टं. चिमूटभर मातीत! वर्गात हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी वही बंद करून नुसती बसून राहिले होते.

म्हणून 'किती टक्के चिकणमाती' या प्रश्नानंतर लगेच 'कोणती चिकणमाती' हे विचारायला हवं.

जुनी_चाळणी

प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आकड्यांबद्दल तीन सावधगिऱ्या.

पहिली. दोन मायक्रॉनपेक्षा बारीक म्हणजे चिकण खनिजच, असं नाही. क्वार्ट्झ दळून तितकं बारीक केलं तरी ते क्वार्ट्झच राहतं आणि फुगत नाही. हिमनद्यांनी खडक दळून केलेल्या पिठात असे कण खूप असतात. हायड्रोमीटरला कण किती वेगानं खाली बसतो एवढंच कळतं, तो कशाचा आहे हे कळत नाही.

दुसरी याच्या उलट. काही लाल मातींत लोहाची ऑक्साइडं चिकण कणांना एकमेकांना चिकटवून ठेवतात. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालून नीट सुटे केले नाहीत, तर ते गुच्छ गाळाच्या आकाराचे मोजले जातात आणि चिकण टक्का खोटा, कमी येतो. उष्ण प्रदेशातल्या काही माती भट्टीत वाळवल्या तर कायमच्या बदलतात. नमुना कसा वाळवला होता ते अहवालात शोधा.

तिसरी गोष्ट फार जण विसरतात. लिक्विड आणि प्लॅस्टिक लिमिट ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेल्या मातीवर काढतात. चिकण टक्का मात्र बऱ्याचदा पूर्ण नमुन्यावर दिलेला असतो. मातीत खडी-मुरूम जास्त असेल तर भागाकार चुकतो आणि ॲक्टिव्हिटी विनाकारण फुगलेली दिसते. 'ब'मध्ये खडे आहेत का?

आणि रंगावरून काही ठरवू नका. लाल रंग लोहाचा. लाल माती फुगतही असते.

ओलकोरड

गाळवेडी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पदवीच्या वर्षांत कोणी असं सांगितलं असतं तर!

जुनी_चाळणी, 'ब'मध्ये चुनखडीचे बारीक खडे आहेत, पण ४२५ मायक्रॉनवर जेमतेम चार टक्के राहिले असं अहवाल म्हणतो. म्हणजे भागाकारात फार फरक पडणार नाही ना? नमुना कसा वाळवला ते लिहिलेलं नाही, विचारतो. तोवर हाताशी असलेल्या साधनांनी करता येईल अशी एखादी चाचणी आहे का?

जुनी_चाळणी

चार टक्क्यांनी फरक पडत नाही. फ्री स्वेल करून पाहा, साधी आहे. भट्टीत वाळवलेली, ४२५ मायक्रॉनमधून गेलेली माती प्रत्येकी १० ग्रॅम, १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत. एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात रॉकेल. काचेच्या कांडीनं ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलचा रेणू ध्रुवीय नाही, त्यामुळे त्यात ही खनिजं फुगत नाहीत. पाण्यातलं घनफळ वजा रॉकेलमधलं घनफळ, भागिले रॉकेलमधलं, गुणिले १००. भारतीय मानक २७२० च्या ४० व्या भागात हीच कृती दिली आहे.

पायाभरणी

थोडा वेगळा सूर लावतो, कारण वरचं वाचून एखाद्याला वाटेल की टक्क्याला काही अर्थच नाही.

खनिज एकच असेल तर सगळा खेळ टक्क्याचाच. एकाच पट्ट्यातल्या पाच खड्ड्यांत खनिज सहसा तेच असतं आणि प्रमाण बदलतं. तिथे चिकण टक्का वाढला की फुगवण वाढताना सरळ दिसते. अडचण येते ती एका खोऱ्यातला अनुभव दुसऱ्या खोऱ्यात नेला की.

वाळू आणि बेंटोनाइटचं (मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट असलेली माती) मिश्रण डोळ्यांसमोर आणा. बेंटोनाइट थोडं असेल तर वाळूचे कण एकमेकांना टेकलेले असतात, भार तोच सांगाडा पेलतो आणि बेंटोनाइट मधल्या पोकळ्यांत फुगून बसतं. वरून काही कळत नाही. प्रमाण वाढत गेलं की पोकळ्या भरतात, वाळूचे कण सुटे होतात आणि मग प्रत्येक जादा टक्का वर ढकलतो. म्हणून टक्का आणि फुगवण यांचं नातं सरळ रेषेचं नसतं.

त्यात अवस्थाही धरा. तीच माती, तेच खनिज, पण कोरडी आणि घट्ट ठोकलेली असेल तर जास्त फुगते. ओलसर आणि सैल असेल तर कमी. आधीच तहान भागलेल्या मातीला आणखी पाणी कुठे हवंय? मातीकाम करताना भराव योग्य ओलाव्यापेक्षा थोडा ओला दाबला, तर पुढचा ताप कमी होतो. कोरडा, भरपूर रोलर फिरवून दाबलेला भराव दिसायला दगडासारखा, पण फुगणाऱ्या मातीत तोच घात करतो. हे मी माझ्याच कामावर भोगलंय. रस्ता झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात त्याच्या कडा उचलल्या, आणि घनतेचे आकडे तर सगळे उत्तम होते. आम्ही घनता जास्त म्हणून खूश होतो आणि ओलावा कोणी पाहिलाच नव्हता.

गाळवेडी

पायाभरणी, अगदी मान्य. खनिजावरून कळतं माती जास्तीत जास्त किती फुगू शकेल. टक्का सांगतो त्यातला किती भाग हजर आहे. त्या दिवशी प्रत्यक्ष किती फुगणार हे ओलावा, घनता आणि वरचा भार ठरवतात.

नांगरट

मी शेती करतो. पायाचं मला कळत नाही, पण हा धागा वाचताना माझंच रान डोळ्यांसमोर आलं. दोन पट्टे आहेत, दोन्ही काळे, चिकण टक्का जवळपास सारखा. एकाला वर्षानुवर्षं खारट बोअरचं पाणी दिलं. तो पट्टा आता चोपण झालाय. पाऊस पडला की वरचा थर लगद्यासारखा होतो, पाणी मुरत नाही, वाळला की ढेकळं फुटत नाहीत. दुसरा पट्टा भेगाळतो, पण पावसात ढेकळं आपोआप विरघळून रवाळ होतात. खनिज तेच, टक्का तोच, मग हे काय?

गाळवेडी

नांगरट, तुम्ही या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारलात. खनिज आणि प्रमाण यांच्याबरोबर तिसरी गोष्ट येते: पापुद्र्यांच्या मध्ये कोणता आयन राहतोय.

फुगवण दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात पाण्याचे थर एकेक करून पापुद्र्यांत शिरतात, पायऱ्या चढल्यासारखे. अंतर १० वरून सुमारे १२.५, मग १५, मग १९ अँगस्ट्रॉम. मध्ये कॅल्शियम असेल तर चवड साधारण १९ वर थांबते. कॅल्शियमवर दोन धन भार असतात, तो दोन्ही बाजूंचे पापुद्रे धरून ठेवतो. सोडियमवर एकच भार. त्याची पकड सुटते आणि दुसरा टप्पा सुरू होतो. पापुद्र्यांमध्ये आयनांची दाटी असते, बाहेरच्या पाण्यात ते विरळ असतात, म्हणून पाणी आत ओढलं जातं आणि अंतर एकदम ४० अँगस्ट्रॉमच्या पुढे उडी घेतं. शास्त्रज्ञ नॉरिशनं १९५४ साली हे मोजून दाखवलं. सोडियम फार असेल आणि पाणी गोडं असेल, तर पापुद्रे एकमेकांना सोडूनच देतात. तुमचा लगदा तो हाच. सुटे झालेले कण छिद्रं बुजवतात, म्हणून पाणी मुरत नाही.

चोपण जमिनीला जिप्सम देतात ते याचसाठी. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतो. पण हुसकावलेलं सोडियम खाली वाहून जायला निचरा हवाच, नाहीतर ते तिथेच घुटमळतं. तुमच्या रानात चर आहेत का?

नांगरट

चर नाहीत. जिप्सम दोनदा टाकलं, फरक पडला नाही, का ते आता कळलं. उतार काढून एका बाजूनं चर खोदून घेतो. ताई, खरंच आभार.

कातळ

हे खनिज कुठून येतं त्यावर थोडं लिहितो, कारण ओलकोरड यांचे 'अ' आणि 'ब' एकाच खडकातून आलेले असू शकतात.

बेसॉल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. तो माथ्यावर, भरपूर पावसात आणि चांगल्या निचऱ्यात झिजला की हे सगळं, सिलिकाचाही बराच भाग, धुऊन जातं. उरतं ते केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. तोच खडक सखल जागी, पाणी साचून राहतं तिथे झिजला, तर वरून वाहून आलेले सिलिका आणि मॅग्नेशियम तिथेच थांबतात आणि स्मेक्टाइट तयार होतं. मॉन्टमोरिलोनाइट हे त्याच गटातलं. दख्खनच्या बेसॉल्टवर जांभा आणि काळी माती दोन्ही सापडतात ते यामुळेच. एका टेकडीच्या उतारावरही वर लाल आणि खाली काळी असा क्रम दिसतो.

नावांतही भूगोल आहे. केओलिन हे नाव चीनमधल्या गाओलिंग टेकडीवरून आलं, मॉन्टमोरिलोनाइट फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलोनवरून.

उंबरठा

सगळं शांतपणे वाचतेय. भाबडा प्रश्न: प्रत्येक फुगवणीमागे चिकणमातीच असते का?

कातळ

मुळीच भाबडा नाही. जर्मनीतल्या श्टाउफेन गावात २००७ साली भूऔष्णिक ऊर्जेसाठी विंधनं घेतली. त्यांतून पाणी ॲनहायड्राइटच्या (पाणी नसलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या) थरात पोचलं. ॲनहायड्राइट पाणी घेऊन जिप्सम होतो आणि त्याचं घनफळ सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. जुन्या गावठाणाची जमीन उचलली गेली, इमारतींना तडे गेले. तिथे खलनायक चिकणमाती नव्हती. म्हणून खनिज न ओळखता उपाय करायला धावू नये.

ओलकोरड

फ्री स्वेल झाली. प्रत्येकी दोनदा केली, आकडे जुळले.

'अ': रॉकेलमध्ये १३ मिलिलिटर, पाण्यात १२.
'ब': रॉकेलमध्ये १०, पाण्यात २१.

'ब'चा निर्देशांक ११० टक्के. पण 'अ'चा उणे आठ आला! माती पाण्यात आक्रसली? माझंच काही चुकलं का?

जुनी_चाळणी

चुकलं नाही, उलट हाताला यश आलं. केओलिनाइटचे कण रॉकेलमध्ये एकमेकांना चिकटून सैल, पोकळ गुच्छ करून बसतात, म्हणून गाळाची उंची जास्त येते. पाण्यात ते तुलनेनं दाटीनं बसतात. या उणे आकड्याचा घोळ टाळण्यासाठीच श्रीधरन आणि प्रकाश यांनी २००० साली वजाबाकी सोडून सरळ गुणोत्तर सुचवलं: पाण्यातलं घनफळ भागिले रॉकेलमधलं. १ च्या आत आलं तर माती न फुगणारी. १ ते १.५ मिश्र आणि फुगवण कमी, १.५ ते २ मध्यम, २ ते ४ जास्त, ४ च्या वर अति.

तुमचं 'अ' ०.९२, 'ब' २.१.

ओलकोरड

म्हणजे ॲक्टिव्हिटी आणि हे गुणोत्तर दोन्ही एकच सांगतात. 'ब'चं काम मोठं आहे, म्हणून एक्स-रे डिफ्रॅक्शनसाठी (क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याच्या चाचणीसाठी) नमुना दिला. अहवालात काय पाहू?

गाळवेडी

चिकण कण वेगळे करून काचपट्टीवर पसरवून तीन वेळा तपासायला सांगा. हवेत वाळवलेला नमुना १५ अँगस्ट्रॉमजवळ शिखर (आलेखातला उंचवटा, पापुद्र्यांचं अंतर दाखवणारा) देत असेल तर बहुधा कॅल्शियम स्मेक्टाइट, १२.५ जवळ असेल तर सोडियम. मग इथिलिन ग्लायकॉलची वाफ दिली की स्मेक्टाइटचं शिखर १७ वर सरकतं. ५५० अंश सेल्सियसला तापवलं की पापुद्रे मिटून ते १० वर येतं. केओलिनाइटचं ७ चं शिखर ग्लायकॉलनं हलत नाही आणि त्या तापमानाला नाहीसं होतं. ग्लायकॉल दिल्याशिवाय निष्कर्ष मान्य करू नका. वर्मिक्युलाइट आणि क्लोराइट या दुसऱ्या खनिजांची शिखरंही १४ च्या आसपास येतात, त्यांची गल्लत होते.

पायाभरणी

आणि उपाय म्हणून कळीचा चुना डोक्यात असेल तर एक चाचणी आणखी लावा: सल्फेट. चुन्यातला कॅल्शियम आयनांची अदलाबदल करतो, पीएच १२.४ पर्यंत चढतो, मातीतलं सिलिका आणि ॲल्युमिना विरघळून सिमेंटसारखी संयुगं होतात. फुगवण झपाट्यानं उतरते. पण मातीत सल्फेट असेल तर एट्रिंगाइट हे सल्फेटचं खनिज तयार होतं आणि ते स्वतःच फुगतं. बरा करायला दिलेला चुनाच जमीन उचलतो.

ओलकोरड

'ब'चा अहवाल आला. हवेत वाळवलेल्या नमुन्याचं शिखर १४.९, ग्लायकॉलनंतर १७, तापवल्यावर १०. जोडीला ७ चं एक लहान शिखर, ५५० ला गेलेलं. म्हणजे कॅल्शियम स्मेक्टाइट, सोबत थोडं केओलिनाइट. बरोबर वाचलं ना?

सल्फेट मात्र जास्त निघालं. खड्ड्याच्या भिंतीत मला जे पांढरे चकाकणारे खडे चुनखडीचे वाटले होते, त्यातले काही आम्ल टाकल्यावर फसफसले नाहीत. ते जिप्सम होतं.

गाळवेडी

बरोबर वाचलंत. केओलिनाइट आहे म्हणून ॲक्टिव्हिटी १.३५ वर थांबली, नाहीतर आणखी वर गेली असती.

पायाभरणी

मग चुना नको. फुगणाऱ्या थराच्या खाली, ऋतूप्रमाणे ओलावा बदलत नाही अशा खोलीवर अंडर-रीम्ड पाईल (खाली फुगीर बुंधा असलेले खांब) टेकवा आणि वरच्या तुळया जमिनीपासून मोकळ्या ठेवा, खाली पोकळी राहील अशा. ती खोली ठरवायला एकाच खड्ड्यातून ऐन उन्हाळ्यात आणि पावसाळा संपताना, दर अर्ध्या मीटरला ओलाव्याचे नमुने घ्या. खोलीनुसार ओलाव्याच्या दोन्ही रेघा जिथे एकमेकींना मिळतात, त्याच्या खाली जा.

ओलकोरड

उन्हाळ्याचे नमुने घेतलेत, चार मीटरपर्यंत. पावसाळा संपला की दुसरी रेघ काढून इथेच टाकतो.